माग पुन्हा पुन्हा थांबतो, हे क्लिंगॉनमध्ये कसं म्हणायचं?

मागवाला

मंडळी, विषय जरा चक्रम आहे, आधीच सांगतो. सहा महिन्यांपासून मी क्लिंगॉन शिकायलोय. हो, तीच, स्टार ट्रेकमधल्या कपाळावर वळ्या असलेल्या लढवय्यांची भाषा. मार्क ओक्रँड या भाषातज्ज्ञाने चित्रपटासाठी रचली, 1985 साली तिचा शब्दकोश आणि व्याकरण छापून आलं. ड्युओलिंगोवर 2018 पासून अभ्यासक्रम आहे, मी तिथून सुरुवात केली आणि आता शब्दकोश घेऊन बसतो.

रोज वहीत एक वाक्य लिहायचं असा नेम आहे. वाक्य घरातलंच घ्यायचं. सोलापूरला आमच्या मागच्या खोलीत अजून दोन पॉवरलूम चालतात, वडील बघतात. परवा एका मागाने दिवसभर छळलं. बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा तुटला की माग आपोआप थांबतो, वडील उठतात, धागा सांधतात, चालू करतात, परत बसतात. चहाचा कप ओठाला लागतोय तोवर पुन्हा खट् करून गप्प. रात्री वही उघडली आणि लिहायला घेतलं: "माग पुन्हा पुन्हा थांबतो."

अडलो. 'माग' हा शब्द नाही, 'यंत्र' अशा अर्थाचा 'जान' आहे, तो घेतला. थांबणे म्हणजे 'मेव'. कर्ता क्रियापदाच्या मागे येतो, म्हणून 'मेव जान', यंत्र थांबतं. इथवर ठीक. आता 'पुन्हा पुन्हा' कुठून आणू? 'पुन्हा'साठी '-क़ा’' हा प्रत्यय आहे. तो दोनदा लावून 'मेवक़ा’क़ा’ जान' लिहिलं आणि मलाच हसू आलं. चालतं का असं?

लिपीबद्दल: इथे सगळं देवनागरीत लिहितोय. नुक्ता असलेली अक्षरं घशातून काढायची, ’ ही खूण म्हणजे घशात दिलेला छोटा झटका. 'ज' जीवनातला, जाळ्यातला नव्हे. 'च' चारमधला, चाकातला नव्हे.

खवट_शेंगा

काय बे, घरच्या मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चार भाषांत भांडायला कमी पडायलंय काय म्हणून परग्रहावरची पाचवी आणलास? काकांना सांग, मागाला क्लिंगॉनमध्ये शिव्या दे म्हणावं, चालू होईल.

क्रोनोसकर

मागवाला, अरे वा! मीही मूळ सोलापूरचा, सध्या पुण्यात. ही भाषा आठ-नऊ वर्षं हौसेने शिकतोय, त्यामुळे उत्तर द्यायला सुरसुरी आली.

'मेवक़ा’क़ा’' चालणार नाही. क्लिंगॉन क्रियापदाच्या प्रत्ययांचे नऊ गट आहेत, ते ठरलेल्या क्रमाने लागतात आणि एका गटातला एकच प्रत्यय एका क्रियापदाला लावता येतो. रेल्वेच्या आरक्षणासारखं आहे, सीट क्रमांक 3 वर एकच माणूस बसणार. '-क़ा’' तिसऱ्या गटातला. त्याच गटात '-चोख़' आहे, म्हणजे स्थिती बदलणे, नव्याने होऊ लागणे. दोन्हीही एकत्र नाहीत, आणि तोच दोनदा तर नाहीच.

पण तुझी खरी अडचण प्रत्ययाची नाही. 'पुन्हा पुन्हा' या मराठी शब्दांत तू काय काय कोंबलंयस ते आधी सोडव. मोजून सांगायचंय? 'वेजलोग़ मेव जान', तीनदा थांबलं. संख्येला '-लोग़' लावलं की 'इतक्या वेळा': वा’लोग़ एकदा, चा’लोग़ दोनदा. नुसतं 'वारंवार' म्हणायचंय? 'पिज मेव जान'. 'पिज' म्हणजे वारंवार, सुरुवातीला ठेवायचं, संपलं. मधूनमधून असेल तर 'रूत', एरवी बहुधा असं होतं म्हणायचं तर 'मोत्ल', सदान्‌कदा असेल तर 'रेख़'. तुझ्या वहीसाठी 'पिज मेव जान' हे सरळ उत्तर आहे.

'मेवक़ा’ जान' मात्र वेगळं आहे. ते एकाच वेळेबद्दल बोलतं: आधी थांबलं होतं, मध्ये चाललं, आता परत थांबलं.

मागवाला

धन्यवाद! पण '-क़ा’'चा अर्थ शब्दकोशात 'पुन्हा करणे' आणि 'खंड पडलेलं पुढे चालू करणे' असा दोन्ही दिलाय. मग 'मेवक़ा’ जान' म्हणजे 'थांबण्याचं काम पुढे चालू केलं' असाही होईल की!

क्रोनोसकर

होतो, आणि ऐकायला तितकाच विनोदी वाटतो. म्हणून मी 'मेव'ला तो जपून लावतो. '-क़ा’' खुलतो तो चालणाऱ्या कामाला लावल्यावर. 'क़्ख़ाप' म्हणजे यंत्राचं नीट चालणं, आणि यशस्वी होणंही. 'क़्ख़ापक़ा’ जान', यंत्र परत चालू झालं. इथे दोन्ही अर्थ एकच होतात, भांडण नाही. (सगळ्यांना माहीत असलेलं 'कप्ला', निरोप घेताना म्हणतात ते, याच घरातलं. नीट उच्चार 'क़्ख़ाप्ला’', म्हणजे यश.)

आणखी एक. मराठीतलं 'परत' फार लबाड आहे. 'तो परत आला' म्हणजे मागे फिरून आला की दुसऱ्यांदा आला? क्लिंगॉनमध्ये पहिल्याला वेगळं क्रियापद आहे, 'चेग़', परतणे. दुसऱ्याला 'पावक़ा’', 'पाव' म्हणजे पोचणे. गावाहून परतलेल्या मुलाला 'पावक़ा’' म्हटलंस तर ऐकणारा विचारेल, आधी कधी येऊन गेला?

बेगमपेठ

व्याकरणातलं कळत नाही, पण उच्चार वाचून मजा आली. ते क़, ख़, ग़ आमच्या घरच्या उर्दूत रोजचे आहेत. मोठ्यांदा वाचून दाखवलं तर अम्मी म्हणाली, "ये कौनसी ज़बान है, लड़ रहे क्या?" वर्णमाला किती मोठी आहे?

क्रोनोसकर

21 व्यंजनं, 5 स्वर. आणि सोलापूरकरांना यातलं अर्ध फुकट मिळतं. तुमच्याकडे क़ आणि ग़ आहेतच. मराठी माणसाकडे 'ड' आहे. क्लिंगॉनचा 'ड' असाच जीभ वळवून काढायचा. आणि 'ष'! शाळेत पोटफोड्या म्हणून आपण ज्याची थट्टा करतो आणि बोलताना 'श'च म्हणतो, तो तिथे खरोखर जीभ टाळूकडे नेऊन म्हणतात. अमेरिकन शिकणाऱ्यांना याच दोन अक्षरांवर घाम फुटतो. ख़ोल म्हणजे भाषा, 'त्लिंगान ख़ोल' म्हणजे क्लिंगॉन भाषा. तो 'त्ल' मात्र कोणालाच फुकट नाही.

निवृत्त_मास्तरीण

बाळांनो, मी संस्कृत शिकवत असे, म्हणून डोकावले. पुन्हा पुन्हा होणारी क्रिया सांगायला संस्कृतात धातूच दुप्पट करतात. पाणिनीचे सूत्र 3.1.22, धातोरेकाचो हलादेः क्रियासमभिहारे यङ्. पच्‌पासून पापच्यते, पुन्हा पुन्हा शिजवतो. तुम्हाला वाटेल हे पोथीतले आहे, पण 'देदीप्यमान' आणि 'जाज्वल्य' हे शब्द तुम्ही रोज वापरता, ते याच कारखान्यातले. 'जाज्वल्य अभिमान' म्हणजे एकदा पेटून विझलेला नव्हे.

आणि अख्खा शब्द दोनदा म्हणायचा तर त्याला वेगळे सूत्र, 8.1.4, नित्यवीप्सयोः. भुक्त्वा भुक्त्वा व्रजति, खाऊन खाऊन जातो. आपले 'बोलून बोलून घसा बसला' तेच. क्लिंगॉनमध्ये असा अभ्यास आहे का? अभ्यास म्हणजे व्याकरणातला अभ्यास, द्विरुक्ती. गृहपाठ नव्हे!

होटगीकर

मास्तरीणबाईंना नमस्कार. घरी कन्नड आमची. तिथेही 'मत्ते मत्ते'. आज्जी म्हणायची, "मत्ते मत्ते हेळबेड", सारखं सारखं सांगू नको. स्वतः मात्र तेच वाक्य दिवसातून दहा वेळा.

पूर्वभाग

आणि तेलुगूत 'मळ्ळी मळ्ळी'. "मळ्ळी मळ्ळी चेप्पकु." अर्थ तोच, बोलणारी आज्जी पण बहुतेक तीच. 😄 म्हणजे सोलापुरात चारही भाषांत शब्द दोनदा म्हणूनच काम भागतं. मला तर वाटायचं जगात सगळीकडे असंच असेल.

क्रोनोसकर

मास्तरीणबाई, उत्तर 'नाही' असं आहे. शब्दकोशातल्या व्याकरणात द्विरुक्तीचा नियमच दिलेला नाही. म्हणूनच मागवाल्याचं डोकं 'क़ा’क़ा’' करायला गेलं. आपण सोलापूरकर चारी बाजूंनी द्विरुक्तीच्या भाषांत वाढलेलो. मरे एमेनो यांनी 1956 मध्ये भारत हे एक भाषिक क्षेत्र आहे अशी मांडणी केली, त्यातही 'जेवण-बिवण' छापाच्या जोडशब्दांचा दाखला आहे. भाषाकुळं वेगळी, सवय एक. ओक्रँडचा स्वतःचा अभ्यास मात्र कॅलिफोर्नियातल्या मुत्सुन या मूळ रहिवाशांच्या भाषेचा, 1977 चा प्रबंध आहे.

पण तुमच्या सूत्रातला 'क्रियासमभिहार' मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. काशिकेत, म्हणजे पाणिनीवरच्या जुन्या टीकेत, त्याचे दोन अर्थ दिलेत ना, पौनःपुन्य आणि भृशार्थ? म्हणजे पुन्हा पुन्हा करणं आणि जोराने करणं, दोन्हीला एकच प्रत्यय. मराठीतही तेच. 'त्याला मार मार मारला' यात फटके जास्त होते की फटके जोरात होते, सांगता येत नाही. क्लिंगॉन इथे कंजूष हिशेबनीस आहे. जोराला '-क़ू’': 'विक़िपक़ू’', मी त्याला चांगलाच हाणला. संख्येला '-लोग़': 'वाग़लोग़ विक़िप', पाच वेळा हाणला. दोन्ही हवं असेल तर दोन्ही लिही, पण एकात दुसरं लपवता येत नाही.

निवृत्त_मास्तरीण

शाब्बास. काशिका वाचलेला मुलगा अंतराळाची भाषा बोलतो, हे आमच्या काळात कोणी मानले नसते.

खवट_शेंगा

मार मार मारलेल्या माणसाला विचारा ना, संख्या की जोर. तो सांगेल बरोबर.

दहिटणे_नाका

एक शंका. मी ड्युओलिंगोवर थोडं केलंय. '-ताख़' हा प्रत्यय चालू क्रियेचा ना? मग 'मेवताख़ जान' का नको? थांबत राहतो. 'करत राहणे' म्हणजे पुन्हा पुन्हाच की.

क्रोनोसकर

ही नवशिक्यांची लाडकी चूक. मीही दोन वर्षं केली, त्यामुळे बोलायचा अधिकार आहे.

'-ताख़' सातव्या गटातला. क्रिया त्या क्षणी चालू आहे, एवढंच तो सांगतो. त्याचा भाऊ '-लि’', तोही चालू, पण शेवट ठरलेला, मुक्कामाकडे निघालेला. सोलापुरीत सांगायचं तर '-ताख़' म्हणजे 'करायलाय'. "काका काय करायलेत?" "जेवायलेत." आत्ता, या मिनिटाला. पण "काका रोज नऊला जेवतात" यात कोणी 'जेवायलेत' म्हणत नाही. क्लिंगॉनमध्येही सवयीच्या क्रियेला काही न लावता नुसतं क्रियापद ठेवतात. भाषेत काळच नाहीत, त्यामुळे नुसतं क्रियापद सवयीला मोकळं असतं.

'मेवताख़ जान' वाचून माझ्या डोळ्यासमोर एक माग येतो जो अर्धा तास थांबण्याच्या कृतीत गुंतलाय. हळू, हळू, अजून हळू…

होटगीकर

थांबा थांबा. "रोज जेवायलाय" कोणी म्हणत नाही कसं? "हल्ली रोज उशिरा यायलाय बे पोरगा", "गेला महिनाभर माझ्याकडंच जेवायलाय" असं आपण सर्रास म्हणतो. सवय आहे, पण नवी लागलेली, तात्पुरती. पुण्यात राहून सोलापुरी विसरलात काय?

क्रोनोसकर

पकडलंत. मान्य. आपलं 'यायलाय' दोन्हीकडे जातं, नव्या सवयीसाठी तर तेच वापरतात. मग माझी तुलना अर्धीच खरी. नवी सवय दाखवायला क्लिंगॉनमध्ये मी '-ताख़' नाही, '-चोख़' घेईन: 'पिज मेवचोख़ जान', यंत्र आता वारंवार थांबायला लागलंय. आधी असं नव्हतं, हे '-चोख़'मध्ये येतं.

मागवाला

हेच! हेच पाहिजे होतं. माग पूर्वी असा नव्हता. दहा वर्षांपूर्वी कसा चालायचा हे वडील रोज सांगतात. "थांबायचाच नाही" असं म्हणतात. तो 'थांबायचा' कसा आणू?

क्रोनोसकर

'-यचा' असा प्रत्यय नाही, काळ नसल्यामुळे. काळाचा शब्द आधी टाकायचा. 'वा’माख़ बेन नोत मेव जान.' वा’माख़ म्हणजे दहा, बेन म्हणजे वर्षांपूर्वी, नोत म्हणजे कधीच नाही. दहा वर्षांपूर्वी यंत्र कधी थांबायचं नाही. 'नोत' ऐकून इंग्रजीचा भास होईल, पण अर्थ 'कधीच नाही' असा कडक आहे.

अवांतर: 'वेज' म्हणजे तीन, आणि 'वेज' म्हणजेच 'अजून नाही'. 'वेज मेव जान' म्हणजे अजून थांबलं नाही, 'वेजलोग़ मेव जान' म्हणजे तीनदा थांबलं. '-लोग़' विसरलास की अर्थ उलटा.

जुना_भोंगा

पोरांनो, मी गिरणीत होतो. सगळं वाचलं, निम्मं समजलं. त्या भाषेत वेळ कशी विचारतात?

क्रोनोसकर

काका, हा प्रश्न तुम्हीच विचारावा असं ठरलेलंच असणार! ’आरलोग़ म्हणजे किती वेळा. '’आरलोग़ क़्ख़ोय्लू’पू’?' शब्दशः: किती वेळा ऐकू आलंय? '-लू’' म्हणजे कर्ता कोण ते सांगायचं नाही, '-पू’' म्हणजे झालेलं आहे. किती वेळा ऐकलं गेलं, म्हणजेच किती वाजले.

जुना_भोंगा

मग ती आमचीच भाषा की. गिरण्या चालू होत्या तेव्हा कोणाच्या घरी घड्याळ होतं? बायको विचारायची, "कितवा भोंगा झाला?" त्यावर डबा ठरायचा. पहिला भोंगा उठायला, दुसऱ्याला चप्पल, तिसऱ्याला गेटच्या आत.

पूर्वभाग

काका, अंगावर काटा आला. आमच्या आजोबांचंही हेच.

खवट_शेंगा

बरं मग गड्ड्याचं, आपल्या सिद्धेश्वराच्या जत्रेचं सांगा. नंदीध्वज निघाले की सगळं सोलापूर ओरडतं, "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र!" म्हणतात एकदा आणि ओरडतात दिवसभर. याला तुमचं ते वा’लोग़ लावायचं की पिज?

क्रोनोसकर

हा प्रश्न विनोदाने विचारलास, पण या धाग्यातला सगळ्यात अवघड आहे. घोषणेच्या आत 'वा’लोग़', कारण प्रत्येक घोषणा एकदाच बोलायला सांगते. बाहेर मात्र ती पुन्हा पुन्हा होते. आतली संख्या आणि बाहेरची संख्या वेगळी. सिद्धरामेश्वरांची लिंगं 68, नंदीध्वजांची प्रदक्षिणा त्या सगळ्यांना. प्रत्येक लिंगापाशी एक घोष धरला तर बाहेर 'जावमाख़ चोर्ग़लोग़', अडुसष्ट वेळा, आणि आत प्रत्येकात 'वा’लोग़'.

खवट_शेंगा

बे, मी मस्करी करायलोतो, तू गणित काढलास. पण भारी.

दहिटणे_नाका

मघाशी गटांचा क्रम सांगितलात. मग 'पुन्हा करायला लावणे' असेल तर? लावणारा पुन्हा लावतो की करणारा पुन्हा करतो?

क्रोनोसकर

वा. '-मोख़' हा करायला लावण्याचा प्रत्यय, चौथा गट. '-क़ा’' तिसरा. त्यामुळे क्रम एकच, '-क़ा’मोख़'. 'जात्लक़ा’मोख़': तो त्याला पुन्हा बोलायला लावतो. यात पहिल्यांदा बोलायला यानेच लावलं होतं, की तो आधी आपणहून बोलला होता? क्रम पक्का असल्यामुळे प्रत्यय हलवून फरक दाखवता येत नाही. हिशेबनीसाची वही इथे उघडी पडते. मराठीचंही तसंच, 'पुन्हा बोलायला लावलं' यात 'पुन्हा' कोणाचं ते वाक्य सांगत नाही, संदर्भ सांगतो.

निवृत्त_मास्तरीण

वर्गात मी हेच करत असे. "पुन्हा म्हण." पहिल्यांदा म्हटलेले असो वा नसो.

क्रोनोसकर

'यिजात्लक़ा’!' बाई. आज्ञार्थ. मलाही कोणीतरी असंच म्हणायचं, षष्ठीचे प्रत्यय चुकले की.

मागवाला

काल रात्री सगळं वहीत उतरवून काढलं आणि सकाळी वडिलांना वाचून दाखवलं. ते कांडी भरत होते. पहिलं वाक्य, 'पिज मेवचोख़ जान', माग वारंवार थांबायला लागलाय. मान डोलावली. दुसरं, दहा वर्षांपूर्वी कधी थांबायचा नाही. "खरंय." तिसरं काल मोजून लिहिलं होतं, दिवसात नऊ वेळा, 'ख़ूतलोग़ मेव जान'.

धोट्यात कांडी बसवता बसवता म्हणाले, "नऊ वेळा थांबला ते लिहिलास. नऊ वेळा चालू कोण केला ते कुठंय?"

खरंच नव्हतं. माझ्या सगळ्या वाक्यांत कर्ता माग. मग तिथेच, मागाच्या खटक्यात, उभ्यानेच चौथं लिहिलं. 'ख़ूतलोग़ जान क़्ख़ापक़ा’मोख़ वाववि’.' वाववि’ म्हणजे माझे वडील. नऊ वेळा माझ्या वडिलांनी यंत्र परत चालू केलं. बरोबर आहे का, क्रोनोसकर?

क्रोनोसकर

बरोबर. कर्म आधी, कर्ता शेवटी, प्रत्ययांचा क्रम नीट. आणि दहिटणे नाक्याची शंका इथे लागूच पडत नाही: चालवणारेही तेच, परत चालवणारेही तेच.

दहिटणे_नाका

पण 'नऊ वेळा' म्हटल्यावर '-क़ा’' लागतोच का? नऊ वेळा चालू केलं म्हणजे परत परतच आलं की त्यात.

क्रोनोसकर

पहिल्या वेळेलाही तो परत चालूच झाला होता, सकाळी सुरू केला ते वेगळं. '-क़ा’' काढलास तर सकाळचं धरून दहा होतात.

जुना_भोंगा

मागवाल्या, बाबांना विचार, बाणा कुठल्या नंबरचा घेतात. नऊ वेळा म्हणजे सुतात खोट आहे. माग बिचारा बरोबर थांबायलाय.